गॅस गेला कुठे?

उन्हाळा तोंडावर आला की जुन्या गाड्यांचे मालक एसीच्या गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य घेऊन येतात : "थंड होत नाही, गॅस संपलाय वाटतं, भरून द्या." पेट्रोल संपतं, इंजिन ऑइल जळतं, ब्रेकचे पॅड झिजतात, एसीचा गॅसही तसाच वापरून संपत असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण तो संपत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल अशा बंद वाटेवरून तोच चार-पाचशे ग्रॅम गॅस वर्षानुवर्षं फिरत राहावा, अशी ही रचना आहे. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी बाहेर पडला आहे. म्हणून जाणत्या मिस्त्रीचा पहिला प्रश्न 'किती भरू?' हा नसतो. 'गेला कुठे?' हा असतो.

थोडी झिरप सगळीकडेच असते. रबरी होजच्या भिंतीतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टवरच्या सीलमधून वर्षाकाठी थोडासा गॅस निसटतो. बऱ्याच वर्षांनी एकदा कूलिंग मंदावलं, तर त्यात वावगं काही नाही. दर मार्चला गॅस भरावा लागत असेल, तर मात्र मालक दरवर्षी त्याच भोकाचे पैसे मोजतो आहे.

नागपुरातल्या एका गॅरेजमध्ये अशीच एक गाडी आली. पंधरा-सोळा वर्षं जुनी छोटी हॅचबॅक. मालक निवृत्त शिक्षक. "भाऊ, दरवर्षीच भरतो. यंदा तर महिनाभरही टिकला नाही," ते म्हणाले. मिस्त्री म्हणाला, "भरून देतो सर, पण तो राहील का, ते आधी पाहू द्या."

त्याने गेज काढलेच नाहीत. बॉनेट उघडून इंजिन चालू केलं, एसी लावला आणि दोन पाइपांवर दोन हात ठेवले. चांगल्या चालणाऱ्या एसीत कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणारा पाइप हाताला चटका देतो आणि कॉइलकडून परत येणारा जाड पाइप गार लागतो, त्यावर घामासारखं पाणी जमतं. कारण सोपं आहे. सध्याच्या जुन्या गाड्यांत भरतात तो आर-१३४ए हा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. दाब वाढवला की त्याचा उकळबिंदू चढतो, उतरवला की खाली येतो. कॉइलमध्ये दाब ३० पीएसआयच्या आसपास ठेवला, तर तो जवळपास १ अंशाला उकळतो, आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून अडीचशे पीएसआयच्या घरात नेतो. तिथे तो गॅस ६५ अंशांनाही द्रव होऊ शकतो. त्यामुळे नागपूरच्या ४५ अंशांच्या हवेतसुद्धा तो आपली उष्णता बाहेर टाकू शकतो. आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकायची, एवढंच हे यंत्र करतं.

या समजुतीतूनच अर्ध्या तक्रारी गॅसला हात न लावता सुटतात. हायवेवर एसी छान थंड करतो आणि सिग्नलला थांबलं की कोमट हवा येते, अशी तक्रार असेल तर आधी कंडेन्सरसमोरचा पंखा पाहावा. वेगात समोरून हवा मिळते, थांबल्यावर ती मिळत नाही. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. गाडीसमोर उडणारी धूळ, किडे आणि पावसाळ्यातला चिखल आधी त्याच्याच पात्यांत बसतो. साध्या नळाच्या पाण्याने, बेताच्या दाबाने तो धुतला तरी पुष्कळ फरक पडतो. जोरदार प्रेशर मारलं तर पात्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बुजते. व्हेंटमधून हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर चोंदलेला असतो. फिल्टरच नसलेल्या जुन्या गाड्यांत धूळ थेट कॉइलवर जाऊन बसते. डॅशबोर्डच्या आतली हीटरची झडप नीट मिटत नसेल, तर एक बाजू गार करते आणि दुसरी गरम. पायाशी मॅट ओली होत असेल, तर कॉइलवर जमणारं पाणी बाहेर सोडणारी बारीक नळी तुंबली आहे.

शिक्षकांच्या गाडीत यांपैकी काही नव्हतं. पंखा ठणठणीत, कंडेन्सर स्वच्छ, कॉम्प्रेसरचा क्लच मात्र सारखा लागत आणि सुटत होता. आता गेज लावायची वेळ झाली.

गेजचा निळा आणि लाल काटा पाहून गॅस किती आहे ते कळतं, हा मालकांचाच नव्हे, पुष्कळ नवशिक्या पोरांचाही समज असतो. इंजिन बंद असताना, सावलीत ३५ अंशांना, दोन्ही काटे साधारण ११५ पीएसआय दाखवतात. आत ४०० ग्रॅम असोत की २१०, आकडा तोच. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरची गोष्ट हीच आहे. आच शेवटच्या दिवसापर्यंत सारखी लागते, किती उरलं ते उचलून हलवूनच कळतं. एसी चालू असतानाचे दोन्ही दाब बरंच काही सांगतात. दोन्ही पडलेले असतील तर गॅस कमी आहे. दोन्ही चढलेले असतील तर गॅस जास्त आहे किंवा कंडेन्सरला हवा मिळत नाही. लो साइड (निळा काटा) चढलेली आणि हाय साइड (लाल काटा) पडलेली असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे. पण नेमकं माप हवं असेल तर काट्यापेक्षा वजनाचा काटा भरवशाचा. या गॅरेजमध्ये गॅस ओढून घेणारं रिकव्हरी मशीन होतं. गाडीतला गॅस काढून तोलला, तो २१० ग्रॅम भरला. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलं होतं ४००.

मग लिकेजचा शोध. हा या कामातला सगळ्यात संथ आणि सगळ्यात रस घ्यावा असा भाग. गॅस डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. पण कॉम्प्रेसरला वंगण देणारं तेल त्याच्यासोबतच फिरतं. गॅस जिथून सुटतो तिथे तेलाचा बारीक अंश मागे राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून मिस्त्री टॉर्च घेऊन जोडांवरची धूळ पाहत जातो. कोरडी, करडी धूळ म्हणजे जोड ठीक आहे. काळपट, बोटाला चिकट लागणारी धूळ म्हणजे इथे थांबायचं. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील गेलं असेल, तर फिरत्या क्लचने उडवलेल्या तेलाची एक सरळ रेघ बॉनेटच्या आतल्या बाजूला उमटलेली असते. सर्व्हिस पोर्टच्या आतली पिन टायरच्या व्हॉल्व्हसारखीच असते आणि तीही झिरपते. तिच्यावरचं हरवलेलं झाकण धूळ अडवण्यापुरतं नसतं, आतल्या रबरामुळे तेच खरं बूच असतं. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या पोटात दडलेली. तिच्या पाण्याच्या नळीच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरला आणि तो ओरडला, तर मालकाला खर्चाची आधीच कल्पना द्यावी लागते, कारण ती काढायला बहुतेक गाड्यांत अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

इथे तशी वेळ आली नाही. रिकाम्या केलेल्या सिस्टिममध्ये कोरडा नायट्रोजन दीडशे पीएसआयच्या आसपास भरला आणि जोडांवर साबणाचं पाणी लावलं. कंडेन्सरच्या वरच्या जोडाशी आधी काहीच दिसेना. मग पाइपाच्या मागच्या बाजूला, आरसा धरल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी, मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. मिस्त्रीने जोड उघडून ओ-रिंग काढली. गोल असायची ती एका बाजूने चपटी झाली होती. नखाने दाबली तर तिच्यात लवच उरली नव्हती. सरांनी ती तळहातावर घेतली. दरवर्षी भरलेला गॅस या काही रुपयांच्या रिंगेपाशी गेला होता.

नवी हिरवी रिंग एसीच्याच तेलात बुडवून बसवली. साध्या हार्डवेअरच्या दुकानातली काळी रिंग मापाला तंतोतंत बसली, तरी या गॅससमोर आणि तेलासमोर तिचं रबर टिकेलच असं नाही. सोबत ड्रायर बदलला. त्याच्या पोटात ओलावा शोषणारे दाणे असतात; सिस्टिम अनेकदा उघडली गेली, वर्षानुवर्षं गळत राहिली, तर त्यांची शोषायची ताकद संपलेली असते. आर-१३४ए सोबत वापरलं जाणारं पॅग तेल स्वतःच हवेतला ओलावा भराभर ओढतं. म्हणून त्याची बाटली उघडी ठेवत नाहीत आणि सोडवलेल्या पाइपांची तोंडं तत्काळ बंद करतात. आत राहिलेलं पाणी दोन प्रकारे छळतं. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेत ते गोठतं, कूलिंग बंद पडतं. थोड्या वेळाने बर्फ वितळतो आणि कूलिंग परत येतं. दुसरा त्रास सावकाश होतो : पाणी, तेल आणि गॅस मिळून आम्ल तयार होतं आणि ॲल्युमिनियम आतून खातं.

हे पाणी काढण्यासाठीच व्हॅक्यूम मारायचा. ३० अंशांच्या पाण्यावरचा दाब सुमारे ४२ मिलीबारपर्यंत, म्हणजे नेहमीच्या हवेच्या पंचविसाव्या हिश्शाजवळ, उतरवला की ते तिथल्या तिथे उकळू लागतं आणि वाफ होऊन पंपातून बाहेर जातं. याला वेळ द्यावा लागतो. दहा मिनिटांत पंप काढला तर हवा गेलेली असते, तेलात मुरलेलं पाणी गेलेलं नसतं. या टप्प्यावर महाराष्ट्राचा भूगोलही गेजवर उमटतो. मुंबईत चांगला पंप काटा उणे ३० इंचांच्या जवळ नेतो. पुण्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, तोच पंप २८ च्या आसपास थांबतो, आणि महाबळेश्वरला २५-२६ वर. पंपात खोट नसते. गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून आकडा दाखवतो आणि वरची हवाच विरळ असते. हे ठाऊक नसलेला माणूस पुण्यात धडधाकट पंप दुरुस्तीला टाकतो. नंतर पंप बंद करून काटा पाहत बसायचं. तो हलला नाही तर जोड पक्के आहेत. थोडा चढून थांबला तर आत अजून पाणी आहे. चढतच राहिला तर गळतीकडे परत जायचं.

गॅस भरण्याचं काम शेवटी येतं आणि ते सगळ्यात कमी वेळाचं असतं. वजनकाट्यावर सिलिंडर ठेवायचा, ४०० ग्रॅम उतरले की थांबायचं. 'थोडा जास्त टाका, उन्हाळा आहे' ही विनंती मिस्त्रीने नम्रपणे नाकारायला हवी. जास्तीचा द्रव कंडेन्सरमधली जागा अडवतो, वाफेला द्रव व्हायला जागा उरत नाही, हाय साइडचा दाब चढतो, आणि उलट कूलिंग कमी होतं. द्रव कॉम्प्रेसरपर्यंत परत पोहोचला तर तो दाबला जात नाही, आतल्या व्हॉल्व्हच्या पात्या मोडतात. इंजिन चालू असताना लो साइडने भरतानाही हीच काळजी : कॅन उभा धरायचा, म्हणजे वाफच आत जाईल. तेलाचाही हिशोब असतो. ड्रायर किंवा कॉइल बदलली की त्यात अडकून गेलेलं तेल मोजून परत घालावं लागतं, नाहीतर गार हवा देता देता कॉम्प्रेसर कोरडा पडतो.

गॅस गेला कुठे, हा प्रश्न एके काळी साऱ्या जगाला विचारावा लागला आहे. घरगुती फ्रिजमध्ये पूर्वी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड भरत. गळती झाली तर माणसं दगावत. थॉमस मिजली या अमेरिकी संशोधकाने १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत नवा गॅस छातीत भरून घेतला आणि तो सोडून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एकाच फुंकरीत दाखवलं. तोच पुढे आर-१२ म्हणून घरोघर गेला. कारखान्यातून एसी बसवून मिळणारी पहिली मोटार पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये मांडली. तिच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, खाली उतरून बेल्ट काढावा लागे. भारतात ७९६ सीसीच्या मारुती ८०० मध्ये एसी आला तेव्हा क्लच होता. घाट चढताना चालक बटण दाबून एसी बंद करत आणि तेवढी ताकद चाकांना देत.

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी विचारलं, की हवेत सोडलेले हे गॅस शेवटी जातात कुठे? खाली त्यांना काहीच मोडत नाही. ते स्थितांबरापर्यंत चढतात, तिथे अतिनील किरणांनी फुटतात आणि सुटलेलं क्लोरीन ओझोन नष्ट करतं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जाहीर झालं, १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला, आणि १९९५ चं नोबेल या दोघांना पॉल क्रुट्झेन यांच्यासोबत मिळालं. भारत १९९२ मध्ये करारात आला. १ जानेवारी २००३ पासून नव्या यंत्रांत आर-१२ सारखे सीएफसी गॅस भरणं बंद झालं.

त्यामुळे त्याआधीची गाडी एसीसाठी आली की आधी तिचे पोर्ट पाहायचे. आटे असलेला पोर्ट आर-१२ चा, चटकन बसणाऱ्या कपलरचा पोर्ट आर-१३४ए चा. एखाद्या हौशी माणसाने जपलेल्या पद्मिनीत किंवा कॉन्टेसात जुना गॅस होता म्हणून वरून नवा भरून चालत नाही. आर-१२ बरोबर चालणारं खनिज तेल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. ते कोपऱ्यांत साचतं आणि कॉम्प्रेसरपर्यंत परतच येत नाही. सिस्टिम धुवायची, एस्टर तेल घालायचं, ड्रायर आणि रिंगा बदलायच्या, पोर्टला ॲडॉप्टर लावायचा, आणि जुन्या मापाच्या ८० ते ९० टक्केच गॅस भरायचा. जुना कंडेन्सर तसाच ठेवला तर कूलिंग थोडं कमी पडतं, हे मालकाला आधी सांगितलेलं बरं.

गॅस कुठून घेतला, यालाही जिवाचं मोल आहे. २०११ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये जहाजावरच्या शीत कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटून दुरुस्ती करणारे तीन कामगार मेले. त्यांत आर-१३४ए च्या नावाखाली भरलेल्या भेसळीत मिथाइल क्लोराइड निघालं; ज्याला हटवण्यासाठी १९३० साली नवा गॅस आणला होता, तेच. ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन असा पदार्थ तयार होतो, की तो हवा लागताच पेट घेतो. मोटारीचा कंडेन्सर, कॉइल, कॉम्प्रेसर, सगळं ॲल्युमिनियमचंच असतं. स्वस्तातला, सील शंकास्पद असलेला कॅन परत करणारा मिस्त्री स्वतःचेही हात आणि डोळे वाचवत असतो.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण हवेत सुटला तर वजनाला वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरतो. नेहमीचा ४५० ग्रॅमचा एक कॅन म्हणजे सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइड. जवळपास २८० लिटर पेट्रोल जाळावं तेवढा. दरवर्षी भरायचा आणि दरवर्षी गळू द्यायचा, किंवा काम करताना पिन दाबून फुस्स करून सोडून द्यायचा, याची ही किंमत. रिकव्हरी मशीन महाग आहे, छोट्या गॅरेजला परवडत नाही, हे खरं आहे. दोन-चार गॅरेजांनी मिळून एक घेतलं तरी काम भागतं. ओढून घेतलेला गॅस गाळून, सुकवून पुन्हा त्याच गाडीत भरता येतो. सरांच्या गाडीतले ते २१० ग्रॅम तसेच परत गेले, नवे फक्त १९० लागले.

२०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला २०२८ पासून अशा गॅसचा वापर गोठवायचा आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. युरोपात २०१७ पासून सगळ्या नव्या मोटारींना कार्बन डायऑक्साइडच्या १५० पटींच्या आत उष्णता धरणाराच गॅस भरावा लागतो. बहुतेक गाड्यांत तो आर-१२३४वायएफ असतो. तो किंचित पेट घेऊ शकतो आणि जुन्या गाडीत सहज ओतता येत नाही. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या लाखो गाड्या आर-१३४ए वरच म्हाताऱ्या होणार आहेत. त्यांच्या मालकांसाठी सांगण्यासारखं थोडंच आहे. पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवावा, म्हणजे शाफ्टच्या सीलला तेल मिळत राहतं. कोकणातल्या पावसात समोरची काच साफ राहते तीही एसीनेच, कारण तो हवेतला ओलावा काढून घेतो. काम झाल्यावर मिस्त्रीकडून तारीख, गॅसचं नाव, ग्रॅम, तेलाचा प्रकार आणि काय बदललं ते एका स्टिकरवर लिहून बॉनेटखाली चिकटवून घ्यावं. सरांनी तो मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली वेगळ्या ओळीत नोंद केली : गळती कंडेन्सरच्या वरच्या जोडावर, पाइपाच्या मागच्या बाजूने, आरसा धरून पाहावे.